क्लोनिंगबंदी आणि आमच्या घरातले ‘हे’

माझी आई माझ्या मुलाला ‘अहो’ म्हणायची. तो मोठा झाल्यावर नव्हे, पाळण्यात असल्यापासून. दुपट्यात गुंडाळलेलं ते बिनदाताचं गाठोडं पाय झाडायला लागलं की ही स्वयंपाकघरातून विचारायची, ‘अहो, उठलात काय?’ नवीन पाहुणा असला तर तो दचकून आतल्या खोलीकडे बघायचा, घरात आणखी कोण कर्ता पुरुष आहे म्हणून. कर्ता पुरुष मी होतो. मला ती ‘मेल्या’ म्हणायची, लाडात आली तर ‘झिला’, म्हणजे पोरा.

त्याचं असं झालं. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, ते गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, तिथूनच रिटायर झाले आणि एका सकाळी चहाचा कप हातात असताना गेले. वर्ष पुरतं उलटलं नव्हतं तोच मला मुलगा झाला. आईने हॉस्पिटलात बाळ हातात घेतलं, त्याचा डावा कान पुढे दुमडला, मागे बघितलं आणि ओरडली, ‘इले गो बाये, इले!’ इले म्हणजे आले. नर्स धावत आली, तिला वाटलं बाळाला फेफरं आलं. कानामागे तीळ होता. आबांना होता तिथेच, असं आईचं म्हणणं. आबांच्या कानामागे मी जन्मात कधी डोकावलो नव्हतो, त्यामुळे माझ्याकडे विरोधी पुरावा काहीच नव्हता.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं ही आमच्याकडे कोकणात रीतच. आम्हीही ठेवलं. पण बारशाच्या गडबडीत एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. आई नवऱ्याचं नाव घेत नाही. तिच्या पिढीतल्या बायका घेतच नसत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल, ते ऐकायला मी नव्हतो. इतर घरांत अशा वेळी बाळ्या, सोन्या, बंड्या असं काहीतरी टोपणनाव पाडून वेळ मारून नेतात. आईने साफ नकार दिला. घरधन्याला कोण बंड्या म्हणतं?

माझी बायको ठाण्याची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, आणि तोंडाने फटकळ. एकदा ती पोराच्या नावाने खणखणीत ओरडली, तर आई थरथरत बाहेर आली. ‘सासऱ्याचा नाव घेऊन बोंबलतंस? लाज नाय?’

‘तुमच्या मालकांनी गादी ओली केलीय,’ बायको म्हणाली. ‘आज तिसऱ्यांदा.’

 आई गादी उचलून उन्हात टाकायला गॅलरीत गेली.

आम्ही हसायचो. सगळी बिल्डिंग हसायची. पोराला ताप आला म्हणून आई त्याला दवाखान्यात घेऊन गेली, तर कंपाउंडरने विचारलं, पेशंटचं नाव? आई म्हणाली, मी कसा घेऊ, तेंकाच विचारा. तेंका म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला. शेवटी वैतागून त्याने केसपेपरवर नावाच्या जागी ‘अहो’ असं लिहून दिलं. तो कागद माझ्या कपाटात आहे, ज्याला बघायचा असेल त्याने या.

पुढे पुढे आई त्याच्याशी भांडायलाही लागली. माझ्या मामाच्या लग्नाला आबा गेले नव्हते, कारखान्यात डबल पाळी होती म्हणे. तो राग आईने कित्येक वर्षं पोटात ठेवला होता. पोरगा दुसरीत असताना तो बाहेर पडला. बिचारा शुद्धलेखन लिहीत बसला होता. ‘माझ्या भावाच्या लग्नाक तुम्ही इल्यात नाय, माहेरची माणसा काय म्हणाली असतील?’ पोराने वहीतून डोकं वर काढलं आणि म्हणाला, ‘चुकलं, आजी.’ आईचे डोळे भरून आले. आबा आयुष्यात कधी चुकलं म्हणाले नव्हते. त्या दिवशी पोराला रव्याचे दोन लाडू मिळाले, आणि त्याला काय समजायचं ते समजलं.

पण खरा शिक्का बसला तो चावीने. गावच्या घरी आबांची मोठी ट्रंक होती, तिची चावी ते गेल्यापासून सापडत नव्हती. मे महिन्यात सगळे गावी गेलो होतो. पोरगा तेव्हा पाच वर्षांचा. आईने त्याला समोर बसवून विचारलं, ‘चावी खंय ठेवल्यात?’ त्याचं सगळं चित्त हातातल्या आंब्यात. ‘तांदळात,’ म्हणाला. माझे चुलते तांदळाच्या पिंपात वरून भर घालायचे आणि वरूनच काढायचे, तळ कोणी पाहिलाच नव्हता. तळाशी हात घातला, तर चावी! सगळी वाडी गोळा झाली. आता कोकणात माणूस चावी तांदळात नाही ठेवणार तर काय नारळात ठेवणार? झाडून सगळ्या घरांच्या चाव्या तांदळात असतात, चोरांनासुद्धा ठाऊक आहे. हे मी बोलूनही दाखवलं. पण ऐकतो कोण! चुलत्यांनी त्या पाच वर्षांच्या पोराला वाकून नमस्कार केला.

आता कोणी विचारेल, तू एवढा शहाणा, घाटकोपरला विमा कंपनीत कामाला, मग आईला समजावलं का नाहीस? तर सांगतो. आबा गेले त्या दिवशी आई रडली नाही. तेराव्यापर्यंत रडली नाही, नंतरही नाही. भिंतीकडे तोंड करून बसायची. पुढ्यात ताट ठेवलं तर दोन घास चिवडून उठायची. अंगावरच्या पोलक्यात दोन माणसं मावतील इतकी वाळली. आणि बाळ हातात आलं त्या संध्याकाळी तिने भाकरी मागितली, सुक्या बांगड्याबरोबर. आई जेवायला लागली, एवढंच मला दिसत होतं. तिला काय वाटायचं ते वाटू दे, पोराला काय फरक पडतो, असं मी मनाशी ठरवलं आणि गप्प बसलो. गप्प बसण्यात मी पटाईत आहे. म्हणून तर मला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी केलाय.

सेक्रेटरीपणाबद्दलही थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत कबुतरांना दाणे घालण्यावर बंदी आणायचं ठरलं. सभा भरली. कबुतरं वाईट यावर पाच मिनिटांत एकमत झालं, असं एकमत आमच्याकडे गच्चीच्या गळतीवरही झालेलं नाही. मी ठराव लिहायला पेन काढतोय तोच तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, चिमण्यांचं काय? झालं! एक पार्टी म्हणे, दाणा म्हटला की सगळाच बंद, चिमणीच्या नावाने टाकलेला दाणा कबूतरच खातं. दुसरी पार्टी म्हणे, कबुतरासाठी चिमणीला का मारता? दोन महिने आणि तीन सभा झाल्या. दोघांनाही बंदी हवी होती, आणि म्हणूनच बंदी होईना. शेवटी मी नोटीस लावली, ‘सभासदांनी शक्यतो दाणे घालू नयेत.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कबुतरं अजून येतात.

तर मुलगा पंधराचा झाला आणि एक दिवस शाळेतून मोठ्या तोऱ्यात आला. अंधेरीच्या एका बड्या शाळेत मुलांची जागतिक सभा भरणार होती. जगातले देश जशी सभा भरवतात तिची हुबेहूब नक्कल, प्रत्येक मुलगा एकेका देशाचा प्रतिनिधी. विषय, माणसाच्या क्लोनिंगवर जगभर बंदी घालावी का. आमच्या चिरंजीवांच्या वाट्याला एक बेट आलं होतं. घरातल्या नकाशात ते शोधलं, तर नकाशा जिथे पिना मारून भिंतीला लावलाय त्या पिनेखाली गेलेलं. ‘पिन काढली तर पूर्ण देश खाली पडेल,’ मी म्हटलं. तो हसला नाही. त्याने तो देश फार मनावर घेतला होता.

जेवताना त्याने आम्हाला विषय समजावला. माणसाच्या पेशीपासून हुबेहूब दुसरं मूल करणं वाईट, हे सगळ्या देशांना मान्य. मग भांडण कशाचं? एक गट म्हणतो, तसला गर्भ करायचाच नाही, कशासाठीही नाही. दुसरा गट म्हणतो, मूल करू नका, पण आजारावर औषध शोधायला प्रयोगशाळेत तेवढी सुरुवात करू द्या. खऱ्या जगातही देश यावरच वर्षानुवर्षं भांडले, आणि सगळ्यांना बंदी हवी असूनही करार काही झाला नाही. शेवटी नुसता एक जाहीरनामा निघाला, जो पाळायला कोणीच बांधलेला नाही.

‘म्हणजे शक्यतो!’ मी ओरडलो. ‘अरे, ही तर आपली कबुतरांची नोटीस!’ मला एकदम जागतिक पातळीवर गेल्यासारखं वाटलं. बायको म्हणाली, भात संपवा.

आई ऐकत होती. ती नेहमी त्याला आधी वाढायची, डोक्यावर पदर घेऊन, माशाचं डोकं त्याच्या पानात. आबांना माशाचं डोकं आवडायचं. पोराला मासा बघवत नाही, पण पंधरा वर्षं ते डोकं त्याच्याकडे बघत होतं आणि तो त्याच्याकडे.

‘म्हणजे एका माणसाचो दुसरो करतत?’ आईने विचारलं.

‘दिसायला तसाच,’ तो म्हणाला. ‘पण लहान बाळच जन्माला येतं. माणूस वेगळाच.’

‘मगे तेका पयल्याचा आठवता काय?’

‘काहीच नाही आठवत, आजी.’

‘नाय?’ आई खो-खो हसली. ‘मग उपेग काय मेल्यांचो! तुमका बरा सगळा आठवता.’

पोराचा घास हातातच राहिला. मला ते दिसलं. मी आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत त्याने मला गाठलं. ‘बाबा, आमचं बेट म्हणतं की पूर्ण बंदी पाहिजे. कारण दिलंय की कुठलाही माणूस दुसऱ्या कोणाचं औषध म्हणून बनवायचा नाही. मी ते वाचलं ना, आणि मला रात्रभर झोपच नाही लागली यार.’ मला यार म्हणाला. ‘मी आजीचं औषध आहे, हो ना? तुम्हाला माहीत होतं.’

मी म्हटलं, असं काही नसतं रे, म्हातारं माणूस आहे, तुझे लाड होतात ना, खा आणि मजा कर.

‘मला तिने एकदा नावाने हाक मारायला पाहिजे,’ तो म्हणाला. ‘आबांना नाही, मला. एकदाच. तिला मी माहीतच नाही बाबा. मला मासे आवडत नाहीत हे पण तिला माहीत नाही. आणि ती म्हातारी होत चाललीय.’  मी खाली बघितलं. खाली कोणीतरी कबुतरांना दाणे घालत होतं. मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं, तेवढंच बरं वाटलं.

पण बाप आहे, काहीतरी करायला हवं होतं. मी मध्यस्थी सुरू केली. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. आईला म्हटलं, अगो आये, पोरगो मोठो झालो, आता ‘अरे’ म्हण, त्याचे मित्र हसतात. ती म्हणाली, मित्रांका बापाशीक ‘अरे’ म्हणूक सांग. मग मी तोडगा काढला. सोमवार ते शनिवार ‘अरे’, रविवारी आणि सणावाराला ‘अहो’. पोराला म्हटलं, तूही थोडं सोड, गणपतीत मासे नसतातच, तेव्हा त्या दिवसांत आबा व्हायला तुला काय जड आहे? सोसायटीत असा तोडगा निघाला असता तर मला शाल मिळाली असती. इथे दोन्ही पक्षांनी तो फेटाळला. बायको म्हणाली, ‘तुम्ही सेक्रेटरी आहात ते ठीक आहे हो, पण जरा मुलगा व्हा, जरा बाप व्हा. सरळ सांगा त्यांना.’

सांगतो म्हटलं. सांगितलं नाही.

सभेच्या शेवटच्या दिवशी घरच्यांना बघायला बोलावलं होतं. शनिवार होता, बायकोची लॅब चालू. मी एकटाच जाणार होतो. आई ठेवणीतलं हिरवं पातळ नेसून दारात चपला घालून उभी. ‘हे भाषण करतले आणि मी घरात रवू?’ तिला इंग्रजी येत नाही, सगळं इंग्रजीत आहे, असं म्हटलं तर म्हणाली, तुका येता मां, मग तू सांग.

अंधेरीची ती शाळा म्हणजे झकास प्रकरण. सभागृहात एसी इतका की आईने पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला. मुलं कोट घालून बसली होती, बहुतेक कोट कोणाच्या तरी दादाच्या लग्नातले. आमच्या चिरंजीवांचा दुसऱ्या मजल्यावरून आणलेला, बाह्या बोटांपर्यंत. प्रत्येकापुढे देशाची पाटी. बारावीतली एक मुलगी अध्यक्ष, हातात लाकडी हातोडा. एकमेकांना ‘सन्माननीय प्रतिनिधी’ म्हणत मुलं अशी काही भांडत होती की मी भारावून गेलो. एक वाक्य बदलायला पाऊण तास. ‘बंदी घालावी’ की ‘बंदी घालण्याचा विचार करावा’. एका मोठ्या देशाच्या मुलाने स्वल्पविरामावर मतदान मागितलं. मी आईला हळूच म्हटलं, ह्या पोरांना आपल्या सोसायटीत आणायला हवं.

मग आमच्या बेटाची पाळी आली. तो उठला, कागदावरून वाचलं, सगळं नीट. मी सुटकेचा श्वास सोडला. पण नियम असा की भाषणानंतर कोणीही प्रश्न विचारू शकतं. त्या मोठ्या देशाचा मुलगा उठला, गोरागोमटा, भलताच तयारीचा. म्हणाला, सन्माननीय प्रतिनिधींनी सांगावं, समजा एका माणसामुळे दुसऱ्याचा जीव वाचत असेल, तरीही तुम्ही बंदीच घालणार? मरणाऱ्याच्या घरी जाऊन हे सांगू शकाल?

आमच्या बेटाने कागद खाली ठेवला.

इंग्रजीत बोलला, पण मला ते मराठीतच आठवतं. म्हणाला, ‘माझ्या घरी असं झालंय. माझे आजोबा गेले तेव्हा आजी मरायला टेकली होती. मग मी जन्माला आलो आणि तिने ठरवलं की मी म्हणजेच ते. ती मला अहोजाहो करते.’ सगळं सभागृह हसलं. अध्यक्षबाईसुद्धा हातोड्याआड हसली. ‘त्यांच्या चुकांची माफी मी मागतो. त्यांच्या आवडीचे मासे मी खातो. ती बरी झाली. औषध लागू पडलं. आणि मला विचाराल तर मी पुन्हा तसंच करेन, कारण ती माझी आजी आहे.’ आता कोणी हसत नव्हतं. ‘पण मला कोणी विचारलं नव्हतं. आणि आता मी थांबलो तर ती मरेल अशी मला भीती वाटते. औषधाला थांबता येत नाही. म्हणून बंदी हवी.’

खाली बसला. 

‘काय म्हणाले?’ आईने मला कोपराने ढोसलं.

आणि मी, विम्याच्या गोड बोलण्यावर ज्याची हयात गेली तो मी, म्हणालो, ‘म्हणतो, आजीने मला फार माया लावली.’

आईने माझ्याकडे टक लावून बघितलं. ‘इतक्या लांबडा बोलले, आणि तू एवढासाच सांगतंस?’

‘इंग्रजीत शब्द जास्त लागतात,’ मी म्हटलं. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

शेवटी ठराव झाला. सर्व देश क्लोनिंगबद्दल तीव्र चिंता व्यक्त करतात, आणि योग्य वाटेल ती पावलं प्रत्येकाने आपापल्या इच्छेने उचलावीत. शक्यतो. टाळ्या. आमच्या बेटाला बक्षीस मिळालं नाही, उलट शेरा मिळाला, की प्रतिनिधीने घरगुती गोष्टी सभेत आणू नयेत. तो मोठ्या देशाचा मुलगा मात्र शोधत आला आणि आमच्या पोराचा हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला.  आईने त्यालाही आशीर्वाद दिला.

परतीला रिक्षा केली. आई मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. साकीनाक्याला गाडी अडकली ती अडकलीच. पाच वाजले असतील. बाजूला वर्कशॉपच्या गाळ्यात लोखंड कापायचं मशीन किंचाळत होतं. ते थांबलं तशी आई पोराकडे वळली.

‘थंय काय सांगितल्यात तुम्ही? ह्यो मेलो माका धड सांगणा नाय.’

पोराने माझ्याकडे बघितलं. मी गाळ्याचं शटर बघत होतो. शप्पथ सांगतो, त्या शटरवर काय लिहिलं होतं ते आजही मला पाठ आहे.

‘आजी,’ तो म्हणाला, आणि त्याने तोडक्यामोडक्या मालवणीत सुरुवात केली, जी तो एरवी कधी बोलत नसे. ‘आजी, मी आबा नाय.’

‘असा काय बोलतास!’ आई हसली.

‘नाय आजी. खरंच नाय. माका कायएक आठवणा नाय. गावच्या काकी त्यांच्या कपाटाची चावी तांदळात ठेवताना मी बघितली होती, म्हणून तांदळात म्हटलं. तुझ्या भावाच्या लग्नाचं मला तूच सांगितलंस, म्हणून मी चुकलं म्हटलं. मला मासे नाही आवडत. मी खोटं बोललो ग आजी. सगळं. सॉरी.’ बोलता बोलता मालवणी संपली आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

 सिग्नल हिरवा झाला, कोणी हललं नाही, परत लाल झाला. आईने हात लांब करून त्याचा डावा कान पुढे दुमडला, तीळ बघितला, त्यावर बोट फिरवलं. मग कान सोडला आणि माझ्याकडे वळली.

‘मगे हे खंय गेले?’

पंधरा वर्षं हा प्रश्न माझ्या अंगावर येऊ घातला होता. मी मात्र आईचं ‘अहो’ गंमत म्हणून चारचौघांत सांगत होतो, केसपेपर दाखवत होतो, हसत होतो. कोणतीही गोल वाक्यरचना सुचेना.

‘आबा गेले, आये,’ मी म्हटलं. ‘चाय घेताना गेले. तेव्हाच गेले.’

‘माका कोणी सांगूक नाय,’ ती म्हणाली.

आबांना न्यायला सगळी बिल्डिंग जमली होती. मडकं मी धरलं होतं, ती दारात उभी राहून बघत होती. पण ती म्हणाली ते खोटं नव्हतं. सांगणारा मी होतो, आणि मी सांगितलं नव्हतं.

मग ती रडली. पदर तोंडाशी न धरता, आमच्या गावाकडे बायका मयताला गळा काढून रडतात तशी, एकेक आठवण काढत. त्यांची डबल पाळी काढली, त्यांचा विडीचा वास काढला, माशाचं डोकं काढलं, माका सोडून खंय गेल्यात म्हणाली. रिक्षावाल्याने गाणं बंद केलं. पलीकडच्या रिक्षातले लोक वाकून बघायला लागले. मीही रडत होतो, सांगायला लाज कसली. माझा बाप गेला होता आणि मलाही ते त्याच दिवशी कळत होतं.

आणि रडता रडता तिने नाव घेतलं. आबांचं, स्पष्ट, मोठ्याने. मी ते तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

‘ओ, आजी,’ पोरगा चटकन म्हणाला. नाव त्याचंच, ओ द्यायची सवय. बोलला आणि त्याचा चेहरा असा झाला, की जणू एवढी वर्षं तो ह्याच हाकेची वाट बघत बसला होता.

आई थांबली. त्याच्याकडे बघितलं, नीट, पहिल्यांदाच. मग पदराचं टोक घेतलं आणि त्याचे डोळे पुसत म्हणाली, ‘तुका नाय रे, झिला. तेंका हाक मारतंय.’